गाऱ्हाण्याला आमेन

शांतवन, भांडण अर्धवट टाकून निघून जाणं तुला शोभलं नाही. कोर्टात कोणी असं केलं असतं तर मी एकतर्फी निकाल मागून मोकळा झालो असतो. तुझ्या बाबतीत निकाल मागायचा कोणाकडे? ज्याच्याकडे मागायचा, त्याच्यावरूनच तर आपलं भांडण होतं.

तुला माती देऊन अजून आठवडाही झालेला नाही. महाडात सगळं जिथल्या तिथं आहे. एमआयडीसीच्या बसगाड्या पाळीची माणसं घेऊन जातात, कोर्टात तारखांवर तारखा पडतात. संध्याकाळी मी चवदार तळ्याकडे फेरी मारायला निघतो आणि जिन्यात तुझ्या दारासमोर पाय आपोआप थांबतात. "चल रे आमेन" ही हाक ओठांपर्यंत येते, मग कुलूप दिसतं. त्या कुलपाचा मला राग येतो. खरं सांगायचं तर तुझाही येतो.

तुझ्या चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्याकडे तुझ्याबद्दल चार शब्द मागितलेत, मंडळीच्या अंकात छापायला. भला पोरगा आहे. मी त्याला भर दफनभूमीत अडवलं, तरी मागतोय. म्हणून लिहायला बसलो. पण तुझ्याबद्दल काही लिहवेना, सगळं तुझ्याशीच बोलल्यासारखं येतंय. येऊ दे.

आमेन हे नाव तुला आमच्या गावानं दिलं. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या पोटात आमचं गाव. शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे गावामधल्या दगडी चौथऱ्यावर, येऊन बसते आणि गावाच्या वतीनं एक जण देवाला गाऱ्हाणं घालतो. वर्षभरात काय बिघडलं, कोणाचं काय राहिलं, सगळं देवाला तोंडावर सांगायचं आणि दर वाक्याला गावानं "होय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. हा मान आमच्या घराचा. बाबांच्या मागे तो माझ्याकडे यायचा, पण मी काळा कोट चढवून महाडात येऊन बसलो. गावात राहून भात लावणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं, दिनूनं, तो चालवला. त्याचा आवाजही माझ्यापेक्षा खडा होता. मी अशिलासाठी ओरडतो, तो गावासाठी ओरडायचा.

तू तेव्हा नगरकडून नुकता आला होतास. कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी, माझ्या समोरच्या खोल्यांत बिऱ्हाड, आणि बिऱ्हाडात तू एकटा. रूथवहिनी तू इकडे येण्याआधीच गेल्या होत्या. त्या पहिल्या वर्षी मी तुला शिमग्याला गावी नेलं. दिनूनं गाऱ्हाण्याचं शेवटचं वाक्य म्हटलं, "चुकलंमाकलं पदरात घे, लेकराबाळांची राखण कर म्हाराजा!" गावानं साथ दिली आणि त्याच्या पाठोपाठ तुझा एकट्याचा खणखणीत आवाज आला, "आमेन!"

ढोलवाल्यांचे हात थांबले. सगळं गाव वळून तुझ्याकडे बघायला लागलं. अण्णा, आमचा गावकर, गावकीतलं वडीलधारं माणूस, त्यानं डोळे बारीक करून विचारलं, "ह्यो पावना कोनाचा रे? आमचा द्येव बाटवतोय का काय?" मग तोच आधी हसला आणि सहाण हसायला लागली. दिनूची बायको सुलभा तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तू कानापर्यंत लाल झाला होतास. त्या दिवसापासून गावात तू आमेनभाऊ.

परत येताना मोटारसायकलवर मागे बसून तू भलताच गंभीर झालास. म्हणालास, "वकिला, तुमच्याकडे देवाला असं तोंडावर सुनावतात?"

"सुनावतात कसलं, मागतात."

"नाही. आधी तक्रार, मग मागणं. आमच्या शास्त्रातही देवाला जाब विचारणारी गाणीच्या गाणी आहेत. आम्हीच ती गोड चालीत बसवून टाकली."

"गाडीवर प्रवचन नको, पुढे वळणं आहेत," मी म्हणालो. तेव्हा मला देवाचं काही पडलेलं नव्हतं. तो होता, आपल्या जागी होता, दिनू त्याच्याशी बोलत होता. एवढं पुरे होतं.

मग तो शिमगा आला, ज्यात दिनूचा घसा बसला. गाऱ्हाणं कसंबसं रेटत त्यानं शेवटच्या वाक्यापर्यंत नेलं आणि तिथं आवाज पार गेला. तोंड उघडं, गाव साथ द्यायला टपलेलं, आणि शब्द फुटेना. तेवढ्यात मागून, बायकांतून, सुलभानं ते वाक्य म्हणून टाकलं. घरात नवऱ्याचा सराव ऐकून तिला ते पाठच होतं. गाव सवयीनं "होय म्हाराजा" ओरडलंसुद्धा. आमच्याकडे बाईनं गाऱ्हाणं घातलेलं कोणी ऐकलं नव्हतं. पण त्या दिवशी सगळे हसले. अण्णाही हसला. तू तर तिला म्हणालास, "ताई, आता मी एकटाच चुकीचा नाही."

त्याच पावसाळ्यात डोंगर खाली आला.

सुलभा दाढ काढायला महाडला आमच्याकडे आली होती आणि पाऊस वाढला म्हणून मुक्कामाला राहिली होती. घरी दिनू आणि त्यांची मनू. मनू नुकती पहिलीत गेली होती. पहाटे फोन आला. तू आणि मी निघालो, पोलादपूरच्या पुढे रस्ताच उरला नव्हता म्हणून गाडी टाकून चिखलातून चढत गेलो. त्या अख्ख्या वाटेत तू एकदाही देवाचं नाव घेतलं नाहीस. मी टपलो होतो. तू नुसतं "प्रभू बघून घेईल" म्हणायचा अवकाश, मी तुझी गचांडी धरणार होतो. तू फक्त, "इथे पाय जपून टाक," एवढंच म्हणत राहिलास.

वाडीच्या जागी लाल माती होती. अर्धी घरं गेली, अर्धी राहिली. दिनू त्या दिवशी सापडला. मनूला दुसऱ्या दिवशी तूच बाहेर काढलंस आणि आपल्या रेनकोटात गुंडाळलंस. सुलभा तोवर येऊन पोचली होती. तिला मुलीचं तोंड बघू द्यायचं की नाही यावरून मी बचावपथकाच्या साहेबाशी हुज्जत घालत होतो, आणि मागे कोणी तरी ओरडलं, "का? का?" मी वळून पाहिलं. तू मातीत गुडघ्यांवर बसून वर बघून ओरडत होतास. माणसांना विचारत नव्हतास. तुला तसा मी कधी पाहिला नव्हता आणि मला तुझी भीती वाटली.

वाचलेल्यांना शाळेत ठेवलं होतं. पाऊस जरा ओसरल्यावर तिथंच गावकी बसली. आणि जे मला होईल असं वाटलं नव्हतं ते झालं. अण्णा उभा राहिला आणि म्हणाला, "आसं कधी झालं नाय. औंदा बाईमानसानं गाऱ्हानं घातलं, द्येवाला खपलं नाय. आपन कौल लावूया. द्येवालाच इचारूया."

कौल म्हणजे देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओली फुलं लावायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सुलभा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली नाही. मी ताडकन उठलो आणि कायद्याची कलमं फेकायला लागलो, तसा अण्णा म्हणाला, "तू सुतकी हायस. द्येवाच्या कामात तुला बोलाय मिळायचं नाय." आणि खरंच, रिवाजाप्रमाणे मिळत नव्हतं. मी उभाच राहिलो, हात लटकत.

तेव्हा तू उठलास. "अण्णा, मी परका माणूस. बोलू का?"

"बोल."

"आमच्या प्रभूच्या वाटेत एकदा एक जन्माचा आंधळा बसला होता. बरोबरच्या लोकांनी विचारलं, हा असा का जन्मला? पाप ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? प्रभू म्हणाला, ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही. मग तो वाद घालत बसला नाही. त्या माणसाच्या डोळ्यांचं बघायला लागला."

"तुमचा द्येव तुमच्यापाशी. हितं आमचा हाय."

"मान्य. मग तुमच्या देवालाच विचारा, पण दोन्ही गोष्टी विचारा. सुलभाताईचं वाक्य एक. आणि वरच्या रस्त्यासाठी डोंगराचा पाय जेसीबीनं कापला, तो कोणाच्या संमतीनं, हे दुसरं. दोन्ही कौल एकदम लावा."

रस्ता सगळ्यांनाच हवा होता रे. डोंगर कापताना गावानं टाळ्या वाजवल्या होत्या आणि जेसीबीपुढे नारळ अण्णानं फोडला होता. अण्णाचा पुतण्या उठला आणि त्यानं तुझी कॉलर धरली. "ए, भायेर चल. भायेर चल तू." दोघेतिघे आणखी उठले. मला वाटलं आता तुझंही प्रेत मलाच न्यावं लागणार. तू हात वर केले नाहीस, मागेही सरला नाहीस. म्हणालास, "मारायचं तर मारा. पण तिच्या डोक्यावर डोंगर ठेवू नका. एक पडलाय तेवढा पुरे."

शेवटी अण्णा म्हणाला, "सोड त्येला."

कौल लागला नाही. पण सुलभा निर्दोष आहे असंही कोणी म्हणालं नाही. ते तसंच लोंबकळत राहिलं. ती महाडला आमच्या घरी आली, एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली आणि पुन्हा वर गेली नाही. पुढच्या शिमग्याला गावकीचं बोलावणं मला आलं. दिनूच्या मागे मान माझ्याकडे होता. मी निरोप धाडला, माझं देवाशी बोलणं बंद आहे. मान आमचा, म्हणून दुसरं कोणी गाऱ्हाणं घालेना. तेव्हापासून पालखी सहाणेवर येते, ढोल वाजतात आणि पालखी उठते. देवाला कोणी काही सांगत नाही.

आणि मी तुझी उलटतपासणी सुरू केली. रोज संध्याकाळी, तळ्याभोवती फिरताना.

"तुझा देव चांगला आहे?"

"आहे."

"त्याला सगळं करता येतं?"

"येतं."

"मग मनू का गेली? दोहोंपैकी एक जबाब खोटा आहे."

तू टाळाटाळ केली नाहीस, हे मी कबूल करतो. तू म्हणालास, त्यानं माणसाला मोकळं सोडलं, कारण सक्तीनं प्रेम होत नाही. आणि मोकळ्या हातानं माणूस दुसऱ्याचा हात धरतो तसा जेसीबीही चालवतो. मी म्हणालो, जेसीबीचं समजलं. पावसाला कसलं स्वातंत्र्य? त्यावर तू म्हणालास, "आमचं शास्त्र सांगतं की सगळी सृष्टीच बिघडलेली आहे. अडलेल्या बाळंतिणीसारखी कण्हते आहे. जसं व्हायला हवं होतं तसं अजून झालेलं नाही."

"म्हणजे काम अर्धवट ठेवून मालकानं माणसं राहायला आणली. असल्या बिल्डरला मी ग्राहक मंचात खेचला असता."

तू इतक्या मोठ्यानं हसलास की कठड्यापाशी बसलेली माणसं वळून बघायला लागली. "खेच की. फक्त एक लक्षात ठेव. हा मालक त्याच पडक्या घरात राहायला आला, आणि भिंत त्याच्याही अंगावर पडली."

"त्यानं काय झालं? कारण कळलं?"

"नाही. कारण नाही कळलं. पण त्या मातीखाली मी एकटा नाही, हे कळलं."

"मला कारण हवंय."

"मलाही हवंय," तू म्हणालास, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रूथवहिनींचं सांगितलंस. बाळंतपणात त्या गेल्या, बाळही गेलं. तेव्हाचे तुमचे पाळक घरी आले आणि म्हणाले, प्रभूला तुमच्या बागेतलं फूल आवडलं. तू त्यांना दाराबाहेर काढलंस, त्यांची छत्री घरातच राहिली. "फुलं तोडायची हौस असलेला देव माझा नाही, वकिला. आमच्यात मरणाला शत्रू म्हटलंय. शत्रूच्या कामाला देवाची इच्छा म्हणायचं नाही." कित्येक महिने तू तुमच्या देवळात, चर्चमध्ये, पाऊल टाकलं नव्हतंस. मग एका उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, सहज जाऊन मागे बसलास आणि वधस्तंभावरच्या प्रभूचं ते ओरडणं ऐकलंस, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' "लहानपणापासून ऐकत होतो. त्या दिवशी कळलं की तोसुद्धा 'का' म्हणूनच ओरडतोय. आणि त्या दिवशी त्यालाही उत्तर मिळालेलं नाही."

"मग?"

"मग तिसरा दिवस उजाडला, आणि तो उठला."

"तिसऱ्या दिवशी मनू उठली नाही," मी म्हणालो.

तू थांबलास. "अजून नाही," एवढंच म्हणालास.

त्या 'अजून नाही'वर मी तुझ्याशी किती भांडलो! ही तर कोर्टातली पुढची तारीख झाली, म्हणालो. तारखेवर तारीख. तू म्हणायचास, तारीख देणारा न्यायाधीश स्वतः फासावर जाऊन आलेला असेल तर तारखेवर विश्वास ठेवता येतो. मी म्हणायचो, मला नाही ठेवता येत. तू म्हणायचास, मग माझ्यावर ठेव, मी येतो ना रोज फिरायला. आणि यायचास. ताप असला तरी यायचास. त्या काळात मी दारूच्या किंवा वेडाच्या वाटेला लागलो नाही ते या फेऱ्यांमुळे. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

मग तुझ्याच पोटात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि तू घरी आलास. सुलभा कामावरून आली की तुझ्यासाठी पेज करायची. त्या दुपारी तुला फार कळा येत होत्या. उशी दातात धरून तू पडला होतास आणि माझं डोकं फिरलं.

"आता तरी म्हण, हा अन्याय आहे."

"आहेच. नाही कधी म्हणालो?"

"मग सोड त्याला!"

"सोडून भांडू कोणाशी?" तू दम खाल्लास. "माझ्या प्रार्थना तू ऐकल्या नाहीस म्हणून बरं. निम्म्या शिव्याच असतात. तू मात्र अबोला धरून बसलायस. अबोल्यानं काही होत नाही, वकिला. माझ्या मातीला गाऱ्हाणं घाल."

मला वाटलं तू औषधाच्या गुंगीत आहेस.

"पाळक चांगला पोरगा आहे, पण तो 'देवाची इच्छा' म्हणणार. तेवढ्यावर हरकत घे. तुझा धंदाच आहे तो. आणि मग गाऱ्हाणं घाल."

"जे तोंड दिनूसाठी उघडलं नाही ते तुझ्यासाठी उघडू? कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या."

"नाही," मी म्हणालो. तू तोंड भिंतीकडे केलंस. दारात सुलभा पेजेची वाटी घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी दार आपटून निघून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. माझा तुला शेवटचा शब्द 'नाही'.

दफनभूमीत तुझी मंडळी थोडी होती आणि आम्हीच जास्त. बिल्डिंगमधले, कोर्टातले, तुझ्या कंपनीतले. पेटी खड्ड्याशी ठेवली तेवढ्यात फाटकाशी एक जीप येऊन थांबली आणि तीतून अण्णा उतरला. मागोमाग गावची माणसं, त्यात तुझी कॉलर धरणारा पुतण्याही. सुलभानं डोक्यावर पदर ओढला आणि ती माझ्या मागे सरकली. त्या शाळेतल्या दिवसानंतर ती आणि अण्णा समोरासमोर आले नव्हते.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, तुमच्या माणसांनी "आमेन" म्हटलं. मग ते बोलायला लागले, "देवाच्या इच्छेनं आपले बंधू शांतवन..."

"हरकत आहे," मी म्हणालो.

मनात म्हणालो असं मला वाटलं होतं. पण सगळ्यांच्या माना वळल्या. सांगायची होती दोनच वाक्यं, की ह्या माणसाला तो शब्द चालत नव्हता, कृपा करून वगळा. मी पुढे झालो आणि मला कळायच्या आत माझे हात बूट काढायला लागले. गाऱ्हाणं अनवाणी घालतात. माती गार होती. समोर तुझी पेटी, तिच्यापलीकडे साधा लाकडी क्रूस, आणि माझ्या तोंडून आवाज निघाला तो कोर्टातला नव्हता, दिनूचा होता.

"बा म्हाराजा! बारा वाटंच्या, बारा वाड्यांच्या म्हाराजा!" आणि अडलो. कुठल्या देवाशी बोलतोय मी? "तुला कंच्या नावानं हाक मारू, मला ठावं नाय. ह्यो मानूस तुला बाप म्हनायचा. त्येच्या सांगन्यावरनं आलोय म्हाराजा!"

साथीसाठी मी थांबलो. कोण देणार साथ? तुझी मंडळी एकमेकांकडे बघत होती. आमची माणसं अण्णाकडे बघत होती. मग माझ्या पाठीमागून, अगदी हळू, आलं, "होय म्हाराजा."

सुलभा होती.

"ह्येनं कुनाचं वायट केलं नाय. तरी तळमळून मेला. ह्ये बराबर नाय झालं म्हाराजा!"

"होय म्हाराजा." आता दोनतीन आवाज होते, गावाकडचे.

"माझा भाव मातीत ग्येला. त्येची पोर मातीत ग्येली. तिनं तुझं काय केलं व्हतं? तू कुठं व्हतास? जाब दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी कंपनीतली माणसंही ओरडली. पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते.

"आनि ह्या बाईच्या डोक्यावर डोंगर ठ्येवलाय. त्यो उचल म्हाराजा!"

यावर कोणी साथ दिली नाही. गावच्या माणसांची तोंडं मिटली ती मिटलीच. अण्णा माझ्याकडे बघत होता, मी अण्णाकडे. त्याचा पुतण्या एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

आता शेवटचं वाक्य राहिलं होतं. ते म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं संपत नाही. आणि ते मला म्हणता येईना. तक्रार करायला मी कधीही तयार आहे, शांतवन, माझा जन्मच त्यात गेला. पण ज्यानं राखण केली नाही त्याला पुन्हा 'राखण कर' म्हणायचं? तोंड उघडं ठेवून मी नुसता उभा, माझा भाऊ सहाणेवर उभा होता तसा.

सुलभा माझ्या मागून पुढे आली. तिनं चपला काढल्या. अण्णाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"चुकलंमाकलं पदरात घे," ती म्हणाली, आणि पुढच्या शब्दाला तिचा आवाज फाटला, पण तिनं तो सोडला नाही. "लेकराबाळांची राखण कर म्हाराजा!"

लोकांच्या मुठीत माती तशीच. साथ मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही असं आमच्यात मानतात, आणि तिचं पोचणार की नाही हे सगळं गाव अण्णाच्या तोंडाकडे बघून ठरवणार होतं. अण्णानं टोपी काढली होती. त्याचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. जिच्याजवळ राखायला लेकरू उरलं नाही ती बाई लेकरांसाठी मागत होती आणि तिला होय म्हणणारं कोणी नव्हतं.

मीच म्हणालो. देवाला म्हणालो, तिला म्हणालो की तुला म्हणालो, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. म्हणायचं होतं "होय म्हाराजा". पण तुझ्या पेटीकडे बघत होतो, आणि मोठ्यानं, एकट्याच्याच आवाजात, तोंडून निघालं, "आमेन!"

सुलभानं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले आणि ती तिथंच मातीत खाली बसली. मला वाटलं, रडतेय. वाकून बघतो तर हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती. आणि पलीकडून, उशिरा, म्हाताऱ्या फाटक्या आवाजात अण्णा म्हणाला, "होय म्हाराजा." मग सगळं गाव म्हणालं.

माती टाकून झाल्यावर जीपकडे जाता जाता अण्णा तिच्यापाशी थांबला. हातातली टोपी त्यानं उलटसुलट केली. "शिमग्याला वर येशील ना गो?"

सुलभा पायांत चपला घालत होती. म्हणाली, "येऊन काय करू? आमेनभाव नाय आता. मागनं चुकीचं कोन बोलनार?"

अण्णानं माझ्याकडे बोट केलं.

"ह्यो हाय की."